आपोआप हलणारा बाण

उन्हाळ्यातला गुरुवार. ठाण्यात हजर: मी, ठाणे अंमलदार, संगणकाचं काम पाहणारी महिला शिपाई आणि बाकावर शेगावच्या वाटेवरल्या उंद्रीचे एक गृहस्थ. ती दुपार मी विसरलेलो नाही.

गृहस्थांचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. खरं तर ते बायकोचं. ती वारल्यावर हे नुसते झेरॉक्स काढून देत. तक्रार अशी की रोज दुपारी तिच्या संगणकावरचा बाण आपोआप हलतो.

"भूत असंन," अंमलदार म्हणाला.

"भुताले पासवर्ड नाही लागत, दादा," महिला शिपाई म्हणाली. "कोणी बाहेरून शिरून राह्यलं."

गृहस्थ हसले नाहीत. "साहेब, तिचे सगळे फोटो त्याच्यातच हायेत. कोणी पुसले तं मी काय करू?"

चोरीच्या तक्रारीत मी आधी तीन गोष्टी पाहतो: काय गेलं, कोणत्या वेळी, आणि वाट कोणाला माहीत. गेलं काहीच नव्हतं. वेळ ठरलेली, जेवणानंतरची. वाट शिपाईनं दुकानात येऊन शोधली. पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी एक छोटं चिन्ह होतं. दूरच्या संगणकावर हा पडदा दिसावा आणि इथला बाण तिथून हलवता यावा, असा प्रोग्राम कोणीतरी रीतसर बसवला होता. पासवर्ड कायमचा ठेवलेला. संगणक लावला की तोही सुरू होई.

"साहेब, हे बसवणारा याच खुर्चीत बसला असंन," शिपाई म्हणाली.

"या खुर्चीत कोण कोण बसायचं?" मी गृहस्थांना विचारलं.

"ती. अन् पोरगी. तिनं मर्जीनं लग्न केलं, पुण्याले असते. मायच्या मातीनंतर बोलणं नाही."

आम्ही तिघं पडद्यासमोर बसून राहिलो. जेवणवेळ टळली आणि बाण हलला. फोटोंचं फोल्डर उघडून तो त्यांच्या बायकोच्या एका फोटोवर थांबला. शिपाईचा हात वायरीकडे गेला. मी तिला अडवलं, नोटपॅड उघडलं आणि टाइप केलं, 'कोण आहे?'

आरोपीचा चेहरा न पाहता मी केलेली ही एकच चौकशी. मग अक्षरं उमटली: 'तुम्ही कोण? बाबा इतकं भरभर टाइप करत नाहीत.'

'पोलीस.'

'बाबाले काय झालं?'

काही झालेलं नाही, शेजारीच बसले आहेत, असं मी कळवलं. मग तिनं सांगितलं. टायपिंग करताना आई अडली की फोन करायची आणि ही पुण्याहून पडद्यावर येऊन मजकूर नीट करून द्यायची. आई गेल्यावरही तिनं ती वाट ठेवली. शेवटी लिहिलं, 'संगणक चालू दिसला की कळतं, बाबांनी दुकान उघडलं.'

गृहस्थांनी माउसवर हात ठेवला. बाण जागचा हलला नाही.

"ती हाय का अजून?"

"हाव, काका. हाय."

त्यांनी हात काढला नाही.

तक्रार त्यांनी मागे घेतली. पासवर्ड तरी बदला, असं मी सुचवलं.

"नोको साहेब. मंग तिले कसं कळंन?"

तेव्हापासून अशा तक्रारीत काय गेलं हे विचारण्याआधी मी विचारू लागलो, हे तुम्हाला कोणी बसवून दिलं? अर्धा तपास तिथंच व्हायचा.

निवृत्तीनंतर शेगावला जाताना उंद्रीत उतरलो. दुकानात मला पाहून गृहस्थांनी खुर्ची सरकवली. पडद्यावर नोटपॅड उघडं होतं. वर पोरीची ओळ, 'जेवले का?' खाली त्यांची, 'जेवलो. तू'

"पुढं?" मी विचारलं.

"फक्त 'ये' लिहाचं राह्यलं, साहेब. बटन मालूम हाय. बोट जात नाही."