छातीवरचा हात

सिग्नल लाल आहे. आज मी पांढऱ्या पट्ट्याच्या बरीच मागे गाडी थांबवली आहे, आणि शेजारी बसलेल्या आईचा हात अजून छातीवरच आहे.

मघाशी वाहतूक शाखेत, सिग्नल तोडल्याचा दंड माफ व्हावा म्हणून मी साहेबांना म्हणालो, "आईच्या छातीत दुखत होतं, दवाखान्यात नेत होतो." खरं तर त्या दिवशी आम्ही लग्नाला निघालो होतो. साहेबांनी विचारलं, "आई, आता बरं आहे ना?" तिने छातीवर हात ठेवला. दंड माफ झाला.

लहानपणी खोटं बोललो की याच हाताचा धपाटा पाठीत बसायचा. आज बसला असता तर बरं वाटलं असतं.

सिग्नल सुटतो. "जाता जाता डॉक्टरांकडे जाऊ," आई म्हणते.

"का गं, दुखतंय?"

"नाही रे. निदान दवाखान्याचं तरी खरं होऊ दे."