हसऱ्या कानाचा साचा

अमीनाबादच्या बाजारातले एक गृहस्थ श्रवणयंत्रांचे साचे घडवतात, आणि कानाच्या मापाचे इअरफोनही करून देतात. घरी माझ्या नाट्यसंगीतावर बंदी आली होती आणि साधे इअरफोन माझ्या कानांत टिकत नव्हते, म्हणून मी त्यांच्याकडे गेलो.

माप घ्यायला कानात भरलेला लगदा घट्ट होईपर्यंत चेहरा हलवायचा नाही, हे तेच बजावतात. पण समोर बसलेल्या माणसाशी न बोलणं त्यांना बेअदबी वाटते. ते मायेने काहीबाही विचारत राहिले. बंद कानांनी मला काहीच ऐकू येईना. उत्तर न देणंही बरं दिसेना, म्हणून मी आपला हसत राहिलो.

साचा हसऱ्या कानाचा उतरला. हसू मावळलं की इअरफोन गळून पडत. गालातल्या गालात हसत पद ऐकताना बायकोने पकडलं. "अहो, विरहाचं पद ना ते? मग कसला आनंद झालाय?"

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच्या तोंडाला रुमाल बांधला. "ख़ता हमारी थी, हुज़ूर. अब एक लफ़्ज़ नहीं." मग लगदा वाळेपर्यंत भुवया उडवून मला चहात साखर किती, ते विचारू लागले. मला हसू आवरेना.

नवे इअरफोन कानांत बसवून त्यांनी मोठ्याने विचारलं, "अब तो आराम है न?"

त्यांच्या चेहऱ्यावरची आशा पाहून मी तोंडभर हसून म्हणालो, "बिल्कुल फ़िट!"

खोटं बोलल्याची टोचणी लागली खरी, पण त्या क्षणी ते अगदी फिट बसले होते.