ओट्यावरचा पंप

बाभुळगावच्या जमीर मिस्त्रींनी तीस वर्षांत तालुक्यातल्या विहिरींवरच्या बहुतेक मोटारी निदान एकदा तरी जळालेल्या पाहिल्या आहेत. मोटार जळली की शेतकरी ती फटफटीमागे बांधून आणी. जमीरभाई तिला हात लावण्याआधी मालकाला विचारत, "बंद पडाच्या आंधी कशी वरडत होती? वरडून दाखव." नातवंडं असलेले गृहस्थ भर बाजारात मोटारीसारखे घुमून दाखवत. निदान सहसा चुकत नसे.

मग सौर पंप आले. त्यांच्या कंट्रोलरची पेटी सीलबंद असते, पाच वर्षं ती कंपनीनंच उघडायची आणि तक्रार मोबाइलवर करायची. धंदा निम्म्यावर आला, त्याचं जमीरभाईंना एवढं वाटलं नाही. पण लोक अजून त्यांनाच विचारायला येत आणि त्यांना पेचकस खिशात ठेवून उत्तर द्यावं लागे, याचा त्यांना मनस्वी वैताग होता.

डिसेंबरात जवळच्या तांड्यावरचा देवसिंग आला. पंप चार दिवसांपासून बंद. तीन एकर हरभरा फुलावर, वावर हलकं, आणि विजेचा खांब तिकडे कधी पोचलाच नव्हता. तीन-चार दिवसांत पाणी मिळालं नाही तर फूल गळणार होतं.

"तक्रार केली?"

"करूनच तं राह्यलो. फोटो पाठवला का ते म्हणते, तुम्ही पंपाजवळ नाही."

"मंग होता कुठं तू?"

"पंपावर हात ठेवून उभा होतो, जमीरभाई."

जमीरभाई तांड्यावर गेले. उलगडा देवसिंगच्या बायकोनं, लालीबाईनं केला. पंप बसवणाऱ्या माणसाला विहिरीवर रेंज मिळाली नव्हती. तांड्यात रेंज येते ती फक्त सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर. तिथं त्यानं चहा घेतला आणि मोबाइलवर पंपाची जागा नोंदवली. कंपनीच्या लेखी दोन वर्षं पंप ओट्यावरच होता. विहिरीवरून फोटो काढला तर जागा चुकत होती, ओट्यावरून काढला तर फोटोत पंपाची पेटी नव्हती.

"विहीर तं उचलता येत नाही," लालीबाई म्हणाली. "पेटी उचला."

जमीरभाईंनी चार बोल्ट काढले, सीलला धक्का लावला नाही. पेटी ओट्यावर आली, तिचा फोटो गेला आणि तक्रार मिनिटभरात मंजूर झाली. त्यामुळे जमीरभाई अधिकच चिडले.

चौथ्या दिवशी कंपनीचा इंद्रजीत नावाचा इंजिनिअर आला. तो थेट ओट्यावर आला आणि त्यानं विचारलं, "विहीर कुठं आहे?"

सगळे त्याला वावरात घेऊन गेले. तिथं परत आणून ठेवलेल्या पेटीचे निघालेले बोल्ट त्यानं पाहिले.

"पेटी जागेवरून हलवली? मग वॉरंटी संपली."

"अन् नसती हलवली तं?" देवसिंगनं विचारलं.

"तर पेटी पुण्याला गेली असती. तीन आठवड्यांत परत."

"हरभऱ्याले सांगून ठेवतो मी तसं," देवसिंग म्हणाला.

जमीरभाई पुढे आले. "साहेब, वॉरंटी पक्की संपली?"

"पक्की."

"लिहून द्या."

इंद्रजीतनं कागदावर लिहून सही केली. जमीरभाईंनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि त्याच खिशातून पेचकस काढला. सील तुटलं. आत एक पाल वाळून पडली होती आणि फ्यूज उडाला होता. नवा फ्यूज इंद्रजीतच्या बॅगेत होता. तो बदलायची परवानगी मात्र त्याला नव्हती. जमीरभाईंनी हात पुढे केला. इंद्रजीतनं क्षणभर बांधाकडे पाहिलं आणि फ्यूज त्यांच्या हातावर ठेवला.

दुपारी पाणी आलं. वरच्या अर्ध्या वावरातलं फूल तोवर गळून गेलं होतं. लालीबाई खालच्या अर्ध्यात स्प्रिंकलरचे पाइप ओढू लागली.

"हा पंप आता आमच्या यादीतून गेला," इंद्रजीतनं तिला समजावून सांगितलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "तिकडून धरा पाइप."