कंपवातवाल्यांचा गुरुवार

चारचौघांत आजाराबद्दल बोलू नये, असं आमच्या घरी शिकवलं होतं. पण आमच्या गटात चारचौघांना एकच आजार आहे, मग दुसरं बोलणार काय?

एक गुरुवार सोडून एका गुरुवारी, नारायण पेठेतल्या एका शाळेच्या तळमजल्यावरच्या वर्गात आम्ही वीस-पंचवीस जण जमतो. निम्मे कंपवातवाले, म्हणजे पार्किन्सन्सवाले, आणि निम्मे त्यांना धरून आणणारे. मी सहा वर्षं जातोय. एवढ्या काळात किस्से साठतात. माळ्यावरच्या रद्दीसारखे! एक ओढायला जावं, तर चार अंगावर येतात.

आधी स्वतःचा सांगतो, म्हणजे बाकीच्यांचे सांगायला मोकळा.

मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. माझं अक्षर बघून लोक विचारायचे, "छापून घेतलंय का?" रिटायर झाल्यावर त्या अक्षराचा उपयोग एकच उरला, वाण्याची यादी. एक दिवस वाण्याने यादी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि म्हणाला, "काका, तूरडाळीपर्यंत ठीक आहे. साबुदाण्यानंतर तुम्ही कुठे गेलात?"

बघतो तर खरंच, अक्षर ओळीगणिक बारीक होत गेलेलं. शेवटचा गूळ तर नुसता ठिपका! मी चष्मा बदलला. त्याच सुमारास डावा खांदा धरला, म्हणून सहा महिने खांद्याला शेक घेतला.

शेवटी बायकोला घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला दारापासून खुर्चीपर्यंत चालताना पाहिलं आणि विचारलं, "चालताना डावा हात हलत नाही. किती दिवस?"

मी म्हटलं, "पण माझा हात थरथरत नाही हो."

"सगळ्यांचा थरथरतोच असं नाही. वास येतो का?"

"वासाचं काय, दोन वर्षं आमच्या घरी आंबेमोहोरच धड येत नाही. भाताला वासच नसतो."

डॉक्टरांनी आणखी तपासलं, हातपाय वाकवून बघितले आणि आजाराचं नाव सांगितलं. गोळ्यांनी हालचाल सुधारेल, आजार मुळातून जाणार नाही, व्यायाम मात्र रोज करायचा, असंही सांगितलं.   बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"म्हणजे तांदूळ चांगला होता."

* * *

या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. माणूस आतून हसतो, बाहेर काही पोचत नाही. आमच्या गटातले देवधर सर म्हणजे याचा उत्तम नमुना. शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे मुळातच चेहऱ्यावर फार काही नसे. आता तेवढंही नाही.

त्यांच्या नातीचं लग्न ठरत होतं. मुलाकडची मंडळी बोलणी करायला आली. सर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि एकटक बघत राहिले.

मुलाचे वडील म्हणाले, "आमच्याकडची पाचशे माणसं होतील." सर बघताहेत. "म्हणजे, साडेतीनशेतही बसवता येईल." सर बघताहेत. मुलाची आई म्हणाली, "हॉल आमच्या पसंतीचा असावा, असं काही नाही हो." सर बघताहेत. शेवटी मुलगा स्वतःच उठून त्यांच्या पाया पडला. "आजोबा, मी बंगळूरची ऑफर सोडतो. इथेच, खराडीत जॉब बघतो."

मंडळी गेल्यावर नात सरांवर चिडली. "आजोबा, जरा तरी हसायचं होतं!"

सर म्हणाले, "अगं, ते आल्यापासून मी हसतोच आहे. फार गोड माणसं आहेत."

* * *

चेहऱ्यासारखाच आवाजही बारीक होतो. स्पीच थेरपिस्टने मला सांगितलं, रोज दहा मिनिटं जमेल तेवढ्या मोठ्याने "आऽऽ" म्हणा. आपल्याला ओरडल्यासारखं वाटेल, पण लोकांना ते नेहमीचंच ऐकू येईल.

मी गॅलरीत उभा राहून जिवाच्या आकांताने "आऽऽ" केलं. आत जाऊन बायकोला विचारलं, "कसं वाटलं?"

ती म्हणाली, "कधी करणार आहात?"

मग स्वतःच पुढे म्हणाली, "पस्तीस वर्षं ओरडू नका, ओरडू नका म्हणून सांगितलं, तेव्हा ऐकलं नाहीत. आता डॉक्टरांनी लिहून दिलंय, तर आवाज निघत नाही."

* * *

इंगळे अमरावतीचे. मुलगा आयटीत, म्हणून आता धायरीला फ्लॅटमध्ये राहतात. त्यांची अडचण म्हणजे दार! मोकळ्या जागेत बरे चालतात, पण दार आलं की पाय जमिनीला चिकटतात. माणूस पुढे, पाय मागे. दोनदा पडले, एकदा मनगट मोडलं. त्यानंतर सूनबाई त्यांना एकटं सोडीना आणि इंगळ्यांना ते सहन होईना.

फिजिओथेरपिस्टने युक्ती सांगितली. जमिनीवर पावलाच्या अंतराने आडवे पट्टे चिकटवा आणि एकेक पट्टा ओलांडा. कसं कोण जाणे, पण पट्टा दिसला की अडकलेला पाय सुटतो. सूनबाईंनी दाराच्या आत आणि बाहेर, लिफ्टपर्यंत पिवळे पट्टे चिकटवले. इंगळे कवायतीला निघाल्यासारखे चालायला लागले!

तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी आले. "अहो, कॉमन पॅसेजमध्ये काहीही लावण्यापूर्वी ऑफिसात येऊन लेखी परवानगी घ्यायची असते. आधी हे काढा, मग अर्ज द्या."

इंगळे शांतपणे म्हणाले, "काढतो नं भाऊ. पण मंग अर्ज द्याले दारातून निघू कसा?"

पट्टे अजून आहेत. सेक्रेटरीही त्यांच्यावर पाय देत नाहीत. एकेक ओलांडूनच लिफ्टपर्यंत जातात.

* * *

आमच्यात घड्याळाला फार मान. गोळी वेळेवर घेतली तर माणूस चालतो, बोलतो, बटणं लावतो. तिचा असर उतरला की पुतळा. शिवाय पोटात डाळ-पनीरसारखं प्रथिनांचं खाणं असेल तर ती नीट लागू पडत नाही, म्हणून जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची.

एकदा एका तरुण डॉक्टरांना व्याख्यानाला बोलावलं. विषय, 'गोळ्यांच्या वेळा काटेकोर पाळण्याचे महत्त्व'. डॉक्टर पाऊण तास उशिरा आले. "सॉरी, सॉरी, ट्रॅफिक! तुमचा फार वेळ घेत नाही, पटापट सांगतो."

देवधर सर पहिल्या बाकावरून म्हणाले, "सावकाश सांगा. आमच्या गोळ्या उतरल्यात. आता आम्ही कुठे पळून जात नाही."

* * *

सुलभाताई आमच्यातल्या सगळ्यांत धीट. मराठीच्या शिक्षिका होत्या. त्यांचा उजवा हात इतका हले की चहाचा कप हातात धरायची सोय नाही. गोळी दोन तासही पुरत नसे आणि वाढवली तर सगळं अंगच वळवळायला लागे. शेवटी ऑपरेशन ठरलं. मेंदूत बारीक तारा बसवतात, छातीत कातडीखाली बॅटरी. सगळ्यांना ते चालत नाही. ताईंच्याच तपासण्या कित्येक महिने चालल्या होत्या.

त्यांच्या ऑपरेशनचा बराच भाग पेशंटला जागं ठेवून करायचा होता. हात थांबला का, बोलणं बिघडत नाही ना, हे तिथल्या तिथे बघता यावं म्हणून. बाहेर ताईंची मुलगी रडत होती. आत डॉक्टर म्हणाले, "ताई, घाबरू नका. आता मी करंट थोडा वाढवेल."

"वाढवेन," ताई म्हणाल्या.

"काय झालं? काही होतंय का?"

"तो वाढवेल. मी वाढवेन."

 मग डॉक्टर सहायकाला म्हणाले, "लिहून घ्या. बोलणं नॉर्मल."

ताई दोन महिन्यांनी गटात आल्या. दारापाशी टेबलावर चहा ठेवलेला असतो. त्यांनी भरलेला कप बशीसकट उचलला आणि खुर्चीपर्यंत चालत आल्या. वर्गात कोणी हललं नाही. आमच्यापैकी ज्यांचे हात हलतात, त्यांनी ते मांडीखाली दाबून धरले होते, का ते मला विचारू नका. एक थेंब सांडला नाही. ताई बसल्या आणि त्यांनी घोट घेतला.

"साखर जास्त आहे," म्हणाल्या.

* * *

लिमये पोस्टात होते. आता गटात येऊ शकत नाहीत. लिमयेवहिनी एकट्या येतात, मागच्या बाकावर बसतात.

आजार जुना झाला की कधी आजारानेच, कधी गोळ्यांनी, माणसाला नसलेली माणसं दिसतात. लिमयांना रोज दुपारी चार वाजता खिडकीजवळच्या खुर्चीत एक गृहस्थ दिसायला लागले. कोट घातलेले, सभ्य. वहिनी आधी घाबरल्या, मग त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टरांनी लिमयांना विचारलं, "त्रास देतात का ते?"

"छे हो," लिमये म्हणाले. "फार मर्यादशील. मी बोलतो, ते ऐकतात."

तरीही डॉक्टरांनी गोळ्यांमध्ये फेरफार केला. पंधरा दिवसांत खुर्ची रिकामी झाली. वहिनींनी आम्हाला सांगितलं, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यांनी मात्र वाजवल्या नाहीत.

"गेले ते बरंच झालं," त्या म्हणाल्या. "पण हे आता चार वाजले की खुर्चीकडे बघत बसतात. कोणाशी बोलत नाहीत. माझ्याशी तर नाहीच. मी कोण, तेच कधी कधी कळत नाही त्यांना."

पुढच्या वेळी वहिनी आल्या, त्या जरा हुशारलेल्या दिसल्या. कोणीतरी विचारलं, "लिमये कसे आहेत?"

"बोलतात आता. मीच चार वाजता त्या खुर्चीत जाऊन बसते."

"आणि?"

"पहिल्या दिवशी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'या. आपण फार दिवसांनी आलात. आमच्या हिला चहा टाकायला सांगतो.'"