शिंपल्याचं उत्तर

माझी भाची रेवती नदीतल्या शिंपल्यांवर संशोधन करते. परवा तिच्या प्रयोगशाळेतल्या नव्या यंत्राच्या उद्घाटनाला गेलो. शिंपल्यातला केसाएवढा मज्जातंतू काढून तिने सकाळी दहालाच तारांवर ठेवला होता. बटण दाबलं की त्याला विजेचा हलका झटका बसतो आणि त्यावर तंतू काय म्हणतो ते पडद्यावर उमटतं. मात्र असा काढलेला तंतू दोन-तीन तासच जिवंत राहतो.

प्रमुख पाहुणे दुपारी एक वाजता आले. मग शाल, श्रीफळ, परिचय आणि परिचय करून देणाऱ्याचाही परिचय झाला. रेवती सारखी तंतूवर मिठाच्या पाण्याचे थेंब सोडत होती.

"मामा, भाषण कुठवर आलंय?"

"अजून त्यांचं बालपण संपलेलं नाही."

अखेर पाहुण्यांनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी रेघ ताडकन उभी राहिली. टाळ्यांचा कडकडाट झाला, मीही वाजवल्या.

"तो आपलाच झटका आहे, मामा," रेवती पुटपुटली. "शिंपल्याचं उत्तर त्याच्या मागून येतं. छोटासा उंचवटा असतो."

मागे सगळं सपाट होतं.

तीस वर्षं वर्गात मी "समजलं ना?" असं दरडावून विचारलं आणि नंतरच्या शांततेला होकार समजत आलो. घरीही काही वेगळं केलं नसावं.

पाहुणे चहाला गेले. रेवतीने झटक्याचा जोर वाढवून पाहिला. रेघ आणखी उंच गेली. मागे काहीच हललं नाही.