नावं ठेवायची खोड

आमच्या ह्यांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, दात राहतात. कुणाशी ओळख करून दिली आणि तो माणूस हसला, की घरी येताना मला सांगणार, वरचे पुढचे दोन खोटे आहेत आणि केलेत तेही भिकार. धंदाच तो. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि ह्यांच्या लॅबमध्ये त्यावरून कवळ्या आणि कॅपा तयार व्हायच्या. दोन खोल्या, एक भट्टी, खिडकीपाशी टेबलं, आणि प्लास्टरची भुकटी इतकी, की घरी आले की मी आधी दारातच ह्यांना झटकून घ्यायची.

नाद मात्र एकच, बास्केटबॉलचा. खेळायचा नव्हे हो, जिना चढले तरी ह्यांना धाप लागते. नाद त्या कागदी संघांचा. ओळखीचे काही डॉक्टर आणि लॅबवाले दर वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आमच्या लॅबमध्ये जमायचे. खऱ्या लीगमधले खेळाडू एकेकाने आळीपाळीने आपल्या संघात उचलायचे. एकाने उचलला की तो दुसऱ्याला मिळत नाही. मग ते खेळाडू वर्षभर तिकडे मैदानात जे करतील त्याचे गुण इकडे ज्याच्या त्याच्या नावावर. जिंकणाऱ्याला काय, तर पत्र्याचा एक करंडक, तोही एका कानाचा. त्याच्यासाठी एकमेकांच्या उरावर बसायचे सगळे.

नावाजलेल्यांच्या मागे हे कधी लागले नाहीत. तो तर कुणीही उचलेल, त्याला डोकं कशाला लागतं, म्हणायचे. ह्यांची नजर राखीव खेळाडूंच्या बाकावर. कुणातरी थकत चाललेल्या मोठ्या खेळाडूच्या मागे बसून राहिलेला, सामन्यात जेमतेम चार मिनिटं मिळणारा असा एखादा. तेवढ्यात त्याने चेंडू किती पकडले, नेम चुकल्यावर मान पाडून उभा राहतो की बचावाला धावत मागे जातो, हे बघायचे. याला पुरता वेळ मिळाला तर काय होईल, याचं गणित डोक्यात चालू. आणि व्हायचंही तसंच. ह्यांनी अगदी शेवटी, कुणालाच नको म्हणून उचललेला हडकुळा पोरगा हंगाम अर्धा व्हायच्या आत सगळ्यांच्या तोंडी असायचा.

पण नुसतं हेरून भागत नाही, ते पोटात ठेवावं लागतं. आणि गप्प बसणं ह्यांच्या पत्रिकेतच नाही, म्हणून हे उलटं बोलायला शिकले. जो हवा त्याला आधीपासूनच नावं ठेवायची. गुडघा गेलाय, आळशी आहे, प्रशिक्षकाशी पटत नाही. जो नको त्याची अशी तारीफ, की समोरच्याने घाईघाईने उचललाच पाहिजे. हळूहळू बाकीचेही शहाणे झाले. ह्यांनी कौतुक केलं की हसायचे आणि त्या खेळाडूला हातही लावायचे नाहीत. मग ह्यांनी सरसकट सगळ्यांनाच नावं ठेवायला सुरुवात केली, म्हणजे त्यातला हवा तो कुठला हे कळूच नये. मी म्हणायची, जिभेला काही हाड आहे का तुमच्या? तर म्हणे, अगं, खेळ आहे. खेळच होता. खेळापुरता राहिला असता तर मी कशाला हे सांगत बसले असते.

ह्यांची बहीण गेली आणि तिची मुलगी आमच्याकडे राहायला आली. कॉलेज अर्ध्यावर सोडलं होतं, दिवसभर खिडकीत बसून असायची. घरात कुढत बसण्यापेक्षा बरं म्हणून हे तिला प्लास्टर कालवायला लॅबमध्ये घेऊन गेले. बघता बघता ती मेणात दात कोरायला लागली. आणि काय हात होता पोरीचा! इतरांचे दात कसे, ओळीने उभे केलेले, पांढरेशुभ्र. ती आधी विचारायची, माणूस किती वयाचा आहे, सिगारेट ओढतो का, शेजारचा दात किती झिजलाय. मग एखादा दात किंचित तिरका ठेवायची, कडेला जराशी पिवळट झाक द्यायची. तोंडात बसला की खरा कुठला आणि खोटा कुठला, देवालाही कळू नये. काम लॅबच्या नावाने जायचं, त्यामुळे डॉक्टरांना वाटायचं, हा ह्यांचाच हात.

घरी माझ्यापाशी हे काय बोलायचे ते मलाच माहीत. घास हातात तसाच धरून म्हणायचे, मला उभ्या जन्मात असं जमलं नाही, माझ्यामागे लॅब हिनेच चालवायची. मी म्हणायची, अहो, मला काय सांगता, तिला सांगा. तर म्हणे, सांगू की, पळून चाललीये का ती? आत्ताच सांगितलं तर हवा जाईल डोक्यात, आणि बाहेर कळलं तर कुणीतरी उचलून नेईल. आणि दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलापाशी उभं राहून, हात जड आहे तुझा, मेण कोरतेस का कुदळ मारतेस! ती हसायची आणि पुन्हा करायला घ्यायची. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर पिकवणाराच माल सडका म्हणून ओरडत होता.

हंगामाआधीच्या अशाच एका रविवारी खेळाडूंची निवड रंगात आली होती. भाची आणि मी आतल्या खोलीत चहा ओतत होतो, दार उघडंच होतं. त्या मंडळींत एक मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर होते. ते म्हणाले, मी स्वतःची लॅब काढतोय, सगळं सांभाळेल असं माणूस हवंय, तुमची भाची कशी आहे कामाला?

ह्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. “ती? आई नाही पोरीला म्हणून ठेवलीये. हात जड आहे. निम्मं काम मलाच पुन्हा करावं लागतं.”

आणि लगेच पुढचा खेळाडू उचलला. मी भाचीकडे बघितलं. ती हसत होती. मामांचा डाव, असं डोळ्यांनीच म्हणाली मला. ट्रे उचलून बाहेर गेली, सगळ्यांना चहा दिला, त्या डॉक्टरांनाही. माझा जीव भांड्यात पडला.

त्यानंतर मात्र तिचं काहीतरी बिनसलं. झालेलं काम परत मोडायची. प्रत्येक दात ह्यांना दाखवल्याशिवाय भट्टीत घालायची नाही. आणि तिचे दात हळूहळू सरळ व्हायला लागले, पांढरे, ओळीने उभे केलेले. ह्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. हल्ली पोरीचं चित्त नाही थाऱ्यावर, एवढंच म्हणाले. दूरच्या मैदानावरच्या पोराची मान खाली गेलेली ह्यांना दिसायची, समोरच्या पोरीची नाही, माझं कपाळ.

मग एक दिवस जेवताना तिने सांगितलं, एका हॉटेलच्या स्वागत कक्षात नोकरी मिळालीये, सोमवारपासून जायचंय. ह्यांनी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं.

“अगं, तू जाऊ नयेस म्हणून बोललो मी तसं. तुझ्यासारखा हात मी दुसरा बघितलेला नाही.”

तिने हातातला घास ताटात ठेवला. “मला तेव्हाच कळलं होतं मामा, डाव आहे म्हणून. मी हसलेसुद्धा. मग आठवायला लागले, मला स्वतःला तुम्ही याच्याहून वेगळं कधी काय बोललात. काहीच आठवेना. त्यांना सांगितलंत तेच मला रोज सांगत होतात. मग डाव कुठला आणि खरं कुठलं, मी कशावरून ओळखायचं?”

मामीला विचार, हे म्हणाले. मी शपथेवर सांगितलं, घरी काय काय बोलतात ते. ती म्हणाली, मामी, तू माझी समजूत काढणारच गं.

तेव्हा ह्यांनी त्या डॉक्टरांना फोन लावला, तिला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. म्हणाले, मी तुमच्याशी खोटं बोललो, ज्या कॅपांचं तुम्ही एवढं कौतुक करता त्या सगळ्या तिने केल्यात, तिला घ्या, सोनं आहे पोरगी. मी लग्न होऊन आल्यापासून ह्यांना इतकं खरं बोलताना ऐकलं नव्हतं.

डॉक्टर पोट धरून हसायला लागले. “एवढी तारीफ? म्हणजे नक्कीच गळ्यात मारायची आहे. आम्ही काय तुम्हाला आज ओळखतो?”

“डॉक्टर, हा खेळ नाही हो.”

“हे तर तुम्ही दर वर्षी म्हणता,” डॉक्टर म्हणाले, आणि आपण माणूस केव्हाच नेमला असंही सांगून टाकलं. अजून हसतच होते. भाचीनेच हात लांब करून फोन बंद केला.

राहू दे मामा, म्हणाली. रागावून नाही. रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर ह्यांचं जड झालेलं मन तरी हलकं झालं असतं. तिने ताट संपवलं, घासून ठेवलं आणि सोमवारी नोकरीवर गेली.

आता वेगळी राहते. बरं चाललंय तिचं. सुट्टी असली की येते, येताना फळं आणते. हे तिचं तोंडभरून कौतुक करतात, तिच्या कपड्यांचं, बोलण्याचं, आणलेल्या संत्र्यांचंसुद्धा. ती ऐकून घेते. लॅब ह्यांनी मागच्या वर्षी विकून टाकली, आणि त्या खेळाचं नावही आता घरात निघत नाही.

परवा निघताना ती दारात चप्पल घालत होती. हे आत झोपले होते. खाली बघतच तिने विचारलं, “मामी, मी खरंच बरी होते का गं कामाला?”

मी म्हटलं, बरी काय, अगं, तुझ्यासारखी दुसरी नव्हती. ती म्हणाली, “बरं.” जसं लहान मुलाच्या बोलण्याला आपण बरं म्हणतो, तसं. मग पर्स खांद्याला लावून जिना उतरून गेली.