माझं डिप्रेशन आणि आमची मंडळी

असले किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. आपल्याला डिप्रेशन असावं आणि आपण सोलापुरातल्या एखाद्या जुन्या चर्चच्या मंडळीत असावं, एवढं पुरतं. बाकीचं मंडळी बघून घेते!

मी शाळेत भूगोल शिकवते आणि रविवारी कॉयरमध्ये अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाते. मधली काही वर्षं या दोन्हीतलं काहीच नीट जमत नव्हतं. आता जमतं. गोळी चालू आहे, प्रार्थना चालू आहे, आणि मैत्रिणी जमल्या की "प्रमिला, ते सिलिंडरचं सांग की!" हेही चालू आहे. तर ऐका.

*

सुरुवात गुडघ्यांपासून झाली.

एका रविवारी गीत सुरू झालं, सगळे उभे राहिले आणि मी उठलेच नाही. दुखत काही नव्हतं. फक्त "उभं राहून तरी काय होणार आहे?" असं वाटलं आणि बसून राहिले. सकाळी अंथरुणातून उठताना, अंघोळीला जाताना मला बरेच दिवस हेच वाटत होतं. पण ते घरातल्या घरात होतं. हे अख्ख्या चर्चला दिसलं!

उपासना संपल्यावर मार्थाआत्या आल्या. या माझ्या नवऱ्याच्या, विजयच्या, आत्या. मूळच्या वैरागच्या, आणि महिला मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी माझ्या तोंडाकडे न बघता थेट गुडघ्यांकडे बघितलं.

"दुखत्यात व्हय गं?"

आता काय सांगायचं? लोक एकमेकांना 'सलाम' म्हणत भेटतायत, पोरं पळतायत, आणि मी म्हणू, "आत्या, मला जगण्यातच रस वाटत नाही"? मी म्हणाले, "हो. गुडघेच."

झालं! पुढच्या रविवारी माझ्या गुडघ्यांसाठी व्यासपीठावरून प्रार्थना. बुधवारी महिला मंडळाची वेगळी प्रार्थना. कुणी तेल आणलं, कुणी पट्टा, कुणी डिंकाचे लाडू. एका काकांनी तर स्वतःची काठी मला दिली आणि ते भिंतीला धरत धरत घरी गेले! मी सगळं घेतलं. कारण गुडघ्यांची चौकशी करताना लोक माझ्या डोक्यावर हात ठेवायचे, आणि तो हात मला हवा होता.

काही आठवड्यांनी मार्थाआत्या चर्चच्या पायऱ्या तडातडा चढून आल्या. चेहरा नुसता फुललेला.

"प्रमिला, प्रभूनं ऐकलं गं! माजे गुडघे लई हलके झाले!"

*

गुडघ्यांचं नाटक फार दिवस टिकलं नाही. एका दुपारी विजय कामावरून लवकर आला, तर मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली. समोर निवडायची मेथी. ती सकाळी घेतलेली, तशीच. त्याने माझ्याशेजारी बसून मेथी निवडली आणि मग आत्यांना फोन केला, "आत्या, तिला डिप्रेशन आलंय."

आत्यांनी विचारलं, "गुडघ्यातनं वर चढलं व्हय?"

आणि दुसऱ्याच दिवशी त्या करकंबहून एका ब्रदरना घेऊन आल्या. आडदांड माणूस, पांढरा शर्ट, आवाज असा की भांडी हलावीत. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, डोळे मिटले आणि सुरू केलं, "नैराश्याच्या आत्म्या, निघ! आत्ताच्या आत्ता निघ! या घरात तुझं काम नाही!"

दार उकाड्यामुळे सताड उघडं. आणि नेमके त्याच वेळी गॅसवाले इस्माईलभाई खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन दारात आलेले.

"निघ म्हणतो ना! निघ!"

बाहेरून आवाज आला, "जातूं बाबा, जातूं! चिल्लाते कायकू?"

ब्रदरनी डोळे मिटलेलेच ठेवून हात वर केले. "ऐकलंत? बोलला! जातो म्हणाला!"

मार्थाआत्यांनी माझा दंड घट्ट धरला. "अगं बाई! ह्ये तर उर्दू बोलतंय की!"

मी हसायला लागले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा! हसता हसता रडले, रडता रडता परत हसले. ब्रदर म्हणाले, "बघा, सुटका झाली." ते चहा पिऊन गेले. विजय गल्लीच्या टोकापर्यंत पळाला, पण इस्माईलभाईंची गाडी गेली होती.

त्या दिवशी आमच्या घरातून निघाला तो फक्त सिलिंडर. पुढचा सगळा आठवडा आम्ही आत्यांकडे जेवलो.

*

मग विजयने मला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. सोलापूरच्या उन्हात तोंडाला स्कार्फ बांधलेली बाई कुणाला वेगळी वाटत नाही. पण मी तो दवाखान्यात आत गेल्यावरही सोडला नाही. मंडळीतलं कुणी बघितलं तर?

समोरच्या बाकावर एक गृहस्थ हेल्मेट घालून बसले होते. काच खाली. मासिक वाचत होते! थोड्या वेळाने हेल्मेटच्या आतून गुणगुण ऐकू यायला लागली. येत्या रविवारचं गीत. आणि तिसऱ्या ओळीला सूर बरोबर तिथेच घसरला, जिथे आमच्या पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या चर्चच्या पास्टरांचा, दर रविवारी घसरतो.

कॉयरची सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, तिथे सूर वर जातो."

गुणगुण थांबली. "कोण? प्रमिलाबाई?"

"सलाम, साहेब."

"सलाम, सलाम. मी जरा... एका आजारी सभासदाला भेटायला आलो होतो."

"हेल्मेट घालून?"

"हल्ली कंपल्सरी आहे ना."

तेवढ्यात काउंटरवरची मुलगी ओरडली, "पाळकसाहेब, या आत! आणि नवीन गोळीनं झोप कशी लागतीय ते डॉक्टरांना नीट सांगा बरं का!"

हेल्मेट सावकाश माझ्याकडे वळलं. "प्रमिलाबाई, गुडघ्यांचे डॉक्टर समोरच्या गल्लीत बसतात ना?"

परत जाताना मात्र त्यांनी काच वर केली. डोळे थकलेले होते. हळू आवाजात म्हणाले, "गोळी सोडू नका. मी मागे एकदा सोडली होती." आणि परत काच खाली!

पुढे एका रविवारी त्यांनी स्वतःच हे सगळ्या मंडळीसमोर सांगून टाकलं, म्हणून मी आज सांगू शकते. पण तोपर्यंत आम्ही चर्चच्या दारात एकमेकांना असे भेटायचो, जसं काही आयुष्यात फक्त चर्चमध्येच भेटलोय.

*

मार्थाआत्यांना गोळ्या पसंत नव्हत्या. "गोळी घेतली म्हंजी इस्वास कमी पडला," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "आत्या, मग तुमची बीपीची गोळी?"

"ती येगळी! ती रक्ताची हाय. मनाला कुटं रक्त असतंय?"

असं म्हणून त्यांनी माझ्याकडेच पाणी मागितलं आणि स्वतःची गोळी घेतली.

*

सुरुवातीला माझ्या गोळ्यांनी मला लई झोप यायची. एका रविवारी पाळकसाहेबांची मोठी प्रार्थना सुरू झाली. ती खरंच मोठी असते, जगातले सगळे देश घेऊन मग ते सोलापुरात येतात. मी समोरच्या बाकावर डोकं टेकलं आणि गाढ झोपले. झोपले ते झोपले, घोरायलाही लागले!

मागच्या बाकावरच्या बायका कुजबुजायला लागल्या. आत्या माझ्याशेजारीच बसलेल्या. भाचेसुनेची अब्रू वाचवायची होती. त्या मागे वळून दबक्या आवाजात म्हणाल्या, "गप ऱ्हावा की! अन्य भाषेत बोलतीय ती!"

अन्य भाषा म्हणजे माणूस आत्म्यानं भरला की जी कुणालाच न समजणारी भाषा बोलतो ती. आणि ती बोलली गेली, की कुणीतरी तिचा अर्थही सांगायचा असतो. आता मागच्या बाकावर आमचे दयानंदकाका होते. चर्चमध्ये नवीन पंखे बसवा म्हणून ते कमिटीशी वर्षानुवर्षं भांडत होते. ते ताडकन उभे राहिले.

"मला अर्थ कळतोय!" ते म्हणाले. "प्रभू म्हणतो, माझी लेकरं घामाघूम झाली आहेत!"

पुढच्या महिन्यात पंखे बसले.

*

पण त्याच रविवारचं अजून एक राहिलं. ते तितकंसं हसण्यासारखं नाही.

प्रार्थनेनंतर साक्षींची वेळ असते. देवाने काय केलं ते ज्याने त्याने उठून सांगायचं. मी अजून झोपेतच. आत्या उठल्या आणि म्हणाल्या, "आमची प्रमिला बरी झाली! पूर्ण बरी झाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने मला जाग आली. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या. कशाबद्दल, ते घरी आल्यावर कळलं!

मग पंचाईत झाली. आता रस्त्यात जो तो हात जोडून म्हणायचा, "प्रभूनं तुम्हाला बरं केलं." एवढ्या सगळ्यांसमोर बरी झालेली बाई गोळी कशी घेणार? आपण गोळी गिळली की देवाला खोटं पाडतोय, असं मला वाटायला लागलं. विजयला न सांगता मी गोळ्या बंद केल्या. पाळकसाहेबांचं सांगणं आठवत होतं, तरी बंद केल्या.

मे महिना लागला. शाळेला सुट्टी. आणि ते सगळं परत आलं. आधीपेक्षा जास्त.

*

एका दुपारी घरात मी एकटीच होते. घरात बसवेना. गच्चीवर गेले. का गेले ते विचारू नका. ऊन असं, की फरशीवर पाय ठेववत नव्हता. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "प्रभू, मला आता हे नको. तुला काही म्हणायचं असेल तर म्हण."

"टीचर! हलू नका!"

दचकून डोळे उघडले. गच्चीच्या दारात वरच्या मजल्यावरच्या नरसम्माकाकू उभ्या. यांच्या घरी माग आहेत, बोलतात घरात तेलुगू आणि आमच्याशी सोलापुरी. एका हातात कुरडयांच्या गरम चिकाचं पातेलं, दुसऱ्या हातात सोऱ्या, काखेत प्लास्टिकचा कागद.

"तितंच बसा!" म्हणाल्या. त्यांनी माझ्या पायापासून कागद अंथरला आणि कुरडया घालायला सुरुवात केली. एक, दोन, भराभर. उजवीकडे झाल्या, डावीकडे झाल्या, समोर झाल्या. बघता बघता टाकीपासून दारापर्यंत ओल्या कुरडया पसरल्या आणि मी मधोमध!

"काकू, मी खाली कशी जाणार?"

"जायचं कशाला? कावळं हाकला की."

"अहो, ती पलीकडची अर्धी गच्ची रिकामी आहे! तिकडे घालायच्या ना!"

काकूंनी वळून तिकडे बघितलं. मे महिन्यातली सोलापूरची दुपार, गच्चीभर रणरणतं ऊन. म्हणाल्या, "तिकडं ऊन न्हाय."

आणि खाली निघून गेल्या.

मी काय करणार? पाऊल टाकलं तर त्यांचं वर्षाचं वाळवण मोडणार. बसले. कावळा आला, हाकलला. परत आला, परत हाकलला. एक तर इतका निर्लज्ज, की त्याला मी वर्गात ओरडते तशी ओरडले! मध्ये एकदा काकू आल्या आणि कपडे वाळत घालायच्या लांब काठीला पिशवी अडकवून त्यांनी मला कुरडयांवरून ताकाची बाटली पोचवली. मी प्यायले. सगळं प्यायले. नंतर परत एकदा बटाट्याची भाजी आणि भाकरी आली, तशीच, हवेतून.

ऊन उतरल्यावर काकू आल्या, एकेक कुरडई उलटवत बसल्या आणि दारापर्यंत वाट मोकळी केली. मी उठले. पायांना मुंग्या आल्या होत्या.

"उद्या शाबूच्या पापड्या हायत," काकू मान वर न करता म्हणाल्या. "या, टीचर."

"काकू, माझं उद्याचं काही खरं नाही."

"ते मला काय म्हाईत न्हाय. मी शाबू भिजत घातलाय."

मी दारापर्यंत गेले, परत वळले. मग विचारलं, "किती वाजता येऊ?"